आपली की बाहेरची?

‘‘मग, तुझ्याकडे कोण आहे?’’

धरमपेठेतल्या एका कॅफेत कॉलेजच्या ग्रुपचं गेट-टुगेदर रंगात आलं होतं आणि विषय होता पेट्स. एकीचा लॅब्रेडॉर, दुसरीच्या दोन पर्शियन मांजरी, तिसऱ्याचा भिंतभर फिशटँक. मोबाइल या हातातून त्या हातात फिरत होते, ‘सो क्यूट’चा गजर चालू होता. माझी पाळी आली.

‘‘आहेत ना,’’ मी म्हटलं. ‘‘साधारण एकशे चाळीस.’’

शांतता.

‘‘एकशे चाळीस काय?’’

‘‘मुंगळे.’’

कॉफी नाकात जाणं म्हणजे काय ते त्या दिवशी मी प्रत्यक्ष पाहिलं. पण खरं तेच सांगते. कळमेश्वरच्या आमच्या घरात एका पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात एक राणी आणि तिच्या एकशे चाळीसच्या आसपास मुली राहतात. हो, मुलीच. आपण म्हणतो ‘मुंगळा’, पण काम करताना दिसणारी प्रत्येक मुंगी बाई असते. नर फक्त लग्नापुरते जन्माला येतात आणि लग्नानंतर काही दिवसांतच संपतात. (ग्रुपमधल्या मुलांनी इथे विषय बदलायचा प्रयत्न केला.)

सुरुवात झाली गेल्या वर्षीच्या जूनमध्ये. पुण्यातली डेस्कची नोकरी सोडून मी घरी परत आले होते. आमचं कळमेश्वर म्हणजे काटोल रोडने नागपूरपासून तासाभराच्या आत. एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला संत्र्याचे बगीचे, थोडं पुढे धापेवाड्याचा विठोबा आणि आदासाचा गणपती. राहायला मस्त, फक्त कामासाठी सारखं नागपूरला पळावं लागतं. आणि फ्रीलान्सिंगचा फंडा तुम्हाला माहीत असेलच: लेख उद्या द्यायचा, पैसे तीन महिन्यांनी घ्यायचे. त्यामुळे दर दहा मिनिटांनी मेल उघडून बघायचा रोग मला जडला होता. आलं का पेमेंट? नाही. आता आलं का? नाही.

त्या संध्याकाळी पहिला जोरदार पाऊस झाला. ओसरीतल्या दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांचा हा गर्दा! आई आतून ओरडली, ‘‘लाइट बंद कर गं, वाळवी येऊन राहिली!’’ मी बटणाकडे हात नेला आणि फरशीवर ती दिसली. काळीभोर, दीड सेंटीमीटरहून लांब, भारदस्त. ती उडत नव्हती. पाय लावून स्वतःचे पंख उपटून टाकत होती. एक पडला, दुसरा पडला, आणि बाईसाहेब भिंतीच्या कडेने अशा निघाल्या की जणू रिक्षातून उतरून पैसे देऊन झाले.

ही वाळवी नव्हती. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, मिशा सरळ आणि कंबर नावाचा प्रकारच नाही. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान, मिशा कोपरात वाकलेल्या आणि कंबर बघून आपण जिमची फी भरावी अशी. ही होती आपल्याकडच्या मोठ्या काळ्या मुंगळ्याची राणी. शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस.

या राणीची गोष्ट एखाद्या सिरियलला लाजवेल. वारुळातून ती आयुष्यात एकदाच उडते. तेवढ्या काळात लग्न उरकतं. त्या वेळी मिळालेलं बीज ती पोटातल्या एका पिशवीत जपून ठेवते आणि त्यावर पुढची कित्येक वर्षं अंडी घालते. खाली उतरली की पंख काढायचे, बीळ खणायचं, आत जाऊन दार बंद. मग पहिल्या मुली मोठ्या होईपर्यंत अन्नाचा कण नाही. उडण्यासाठी असलेले दणकट स्नायू आता अंगातच विरघळतात आणि त्यावर ती स्वतः जगते, पिल्लांनाही भरवते. सिंगल मदर म्हणजे काय, ते हिला विचारा. त्यातही बहुतेक राण्या पहिल्याच रात्री पाली, बेडूक आणि पक्ष्यांच्या पोटात जातात.

मी तिला कुंकवाच्या रिकाम्या डबीत घेतलं. दुसऱ्या दिवशी बर्डीवरून टेस्ट ट्यूब आणली. पद्धत सोपी आहे. नळीत तिसरा हिस्सा पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, म्हणजे ओल मिळते पण पाणी सांडत नाही. मग राणी, मग तोंडाला कोरडा बोळा. नळी काळोखात ठेवायची. झालं बीळ तयार.

चौथ्या दिवशी अंडी दिसली. सात-आठ, साबुदाण्याच्या चुऱ्याएवढी. मला इतका आनंद झाला की मी तासाभराने पुन्हा बघितलं. मग पुन्हा. मेल, राणी, मेल, राणी. रात्री मोबाइलचा टॉर्च मारून फोटो काढले, ग्रुपवर टाकले. आठव्या दिवशी सहा अंडी होती. दहाव्या दिवशी दोन. बाराव्या दिवशी एकही नाही. तिने ती खाऊन टाकली होती.

धक्के आणि उजेड सतत बसत राहिले, की राणीच्या लेखी जागा सुरक्षित नसते. मग ती अंडी खाऊन ताकद परत आपल्या अंगात घेते. तिचा हिशेब चोख होता, चूक माझी होती. काही दिवसांनी ती स्वतःही गेली. मुंगी मेली म्हणून कोणी रडतं का? मी रडले नाही. पण नळी धुताना बरं वाटत नव्हतं, एवढं नक्की.

जुलैत दुसरी राणी सापडली, घरासमोरच्या रस्त्यावरच्या दिव्याखाली. या वेळी मी नळी काळ्या मोज्यात घातली, आईच्या कपाटात स्वेटरांमागे ठेवली आणि किल्ली आईकडे दिली.

‘‘पंधरा दिवस मला देऊ नको. मागितली तरी नाही.’’

आईने किल्लीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘‘लोकांच्या पोरी दागिने लॉकरमध्ये ठेवतात, ही मुंगी ठेवून राहिली.’’ पण किल्ली कमरेला गेली. आणि मी तीनदा मागितली तरी मिळाली नाही.

साधारण चाळीस दिवसांनी पहिल्या मुली बाहेर आल्या. आधी अळ्या, मग तपकिरी कोष, मग एके सकाळी चार फिकट, लुकड्या मुंग्या. पहिल्या खेपेच्या मुंग्या नेहमीच लहान असतात, कारण आईकडे द्यायला फारसं काही नसतं. मी साखरपाण्याचा एक थेंब ठेवला. एकीने तो पोटभर प्यायला, आत गेली आणि राणीच्या तोंडाला तोंड लावून तिला पाजला. मुंगीला दोन पोटं असतात असं समजा. एक स्वतःचं, दुसरं सगळ्यांचं. बाहेरून आणलेलं त्या दुसऱ्या पोटात राहतं आणि भेटेल त्या बहिणीला दिलं जातं. ऑफिसातलं टिफिन शेअरिंग याच्यापुढे फिकं आहे. आपण शेजारच्याचा डबा खातो, पण आपला पनीरचा डबा मात्र हळूच उघडतो!

आता आमच्या घराचं मुंग्यांशी नातं तीन पिढ्यांचं आहे. आजी रोज सकाळी अंगणातल्या वारुळाशी चिमूटभर साखर-रवा टाकायची. किडामुंगीला घातलं की पुण्य लागतं म्हणे. आई मात्र खडूवाली. ओट्याभोवती, डब्यांभोवती विषारी खडूच्या पांढऱ्या रेघा. एकीने मुंग्यांना बाहेर जेवू घातलं, दुसरीने आत येऊ दिलं नाही. आणि मी त्यांना कपाटात ठेवलं. आजी असती तर कोणाच्या बाजूने बोलली असती, याचा मी अजून विचार करते.

आईची लढाई तशी जुनीच आहे. १८३० च्या आसपास कंपनी सरकारचे एक अधिकारी, कर्नल साइक्स, पुण्यात राहत होते. जेवणानंतरची फळं आणि गोडधोड ते व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवत. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या भांड्यांत, टेबल भिंतीपासून इंचभर लांब. आपल्या आज्या फडताळाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, तोच प्रकार. तरी मुंग्या पोचल्याच. साहेबांनी टेबलाच्या पायांना टर्पेंटाइन फासलं. तरी मुंग्या हजर! शेवटी त्यांनी नीट पाहिलं, तर एक मुंगी भिंतीवर टेबलाच्या फूटभर वर चढली आणि तिथून तिने थेट टेबलावर उडी टाकली. त्याच पुण्यात साइक्स यांनी आणखी एक गोष्ट टिपली. पावसात भिजलेलं गवताचं बी मुंग्या ऊन पडताच वर आणून वाळत घालत होत्या. आपल्या बायका धान्य उन्हात घालतात, अगदी तसं. मुंग्यांकडे वैतागून बघता बघता कौतुकाने कसं बघायला लागतो, याचा हा पुणेरी पुरावा.

आणि घरात मुंग्या पाळण्याचं वेडही माझं एकटीचं नाही. इंग्लंडचे सर जॉन लबक हे पेशाने बँकर, शिवाय खासदार. १८७१ चा बँक हॉलिडेचा कायदा यांनीच आणला, म्हणजे नोकरदारांच्या देवघरात यांचा फोटो हवा. हे गृहस्थ घरात दोन काचांच्या मध्ये मुंग्या पाळायचे, अंगावर रंगाचे ठिपके लावून एकेकीचा दिवसभराचा हिशेब ठेवायचे. १८८२ मध्ये त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. त्यांची एक राणी जवळजवळ १५ वर्षं जगली. त्यांचा एक प्रयोग तर फुल टू फ्रायडे नाइट आहे. त्यांनी काही मुंग्यांना दारूने बेशुद्ध केलं आणि दुसऱ्या मुंग्यांच्या वाटेत ठेवलं. भोवती पाण्याचा खंदक. झिंगलेली मुंगी आपल्या वारुळातली असेल, तर बहुतेक वेळा तिला उचलून घरी नेलं गेलं. परकी असेल, तर बहुतेक वेळा सरळ पाण्यात! मुंग्यांच्या जगात कोणी समोर आलं की मिशांनी वास घेऊन एकच प्रश्न विचारला जातो: आपली की बाहेरची?

बरं, ‘मुंगीसारखं कष्ट करा’ म्हणणाऱ्या बॉससाठी एक बातमी. अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये एका जातीच्या मुंग्यांना रंग लावून त्यांच्यावर कॅमेरे रोखले. बऱ्याचशा मुंग्या निम्म्याहून जास्त वेळ रिकाम्याच आढळल्या, आणि साधारण चारातली एक तर कामाला हात लावताना दिसलीच नाही. पुढे २०१७ च्या अभ्यासात सगळ्यात कष्टाळू २० टक्के मुंग्या काढून घेतल्या, तेव्हा आठवडाभरात या रिकामटेकड्यांनी त्यांची कामं उचलली. म्हणजे त्या आळशी नव्हत्या, बेंचवर होत्या! आयटीवाल्यांना वेगळं समजावायला नकोच. माझ्या डब्यातही नळीच्या तोंडाशी एक ढिम्म बसलेली असते. मी तिचं नाव ‘मॅनेजर’ ठेवलंय.

गंमत एका बाजूला. या छंदाला एक काळी बाजूही आहे. राण्या आता विकल्या जातात, परदेशात तर चांगल्याच किमतीला. २०२५ च्या एप्रिलमध्ये केनियात दोन बेल्जियन पोरं पकडली गेली. वय १९. त्यांच्याकडे सुमारे ५,००० राणी मुंग्या होत्या, कापसाचे बोळे लावलेल्या नळ्यांमध्ये भरलेल्या. हो, माझ्या कपाटात होती तसल्याच नळ्यांमध्ये. कोर्टाने मे महिन्यात दोघांना प्रत्येकी दहा लाख केनियन शिलिंगचा दंड केला. ती बातमी वाचताना मला पहिली नळी आठवली. एक राणी उचलणं म्हणजे एक किडा उचलणं नसतं, पुढे होऊ शकणारं अख्खं वारूळ उचलणं असतं. म्हणून मी स्वतःला नियम घातला. विकत घ्यायची नाही, लांबून आणायची नाही, आणि एकच.

वाटलं, आता सगळं जमलं. हात आवरायला शिकले, झाकण उघडायचं थांबवलं. आठवड्यातून दोनदा खाणं, पाणी, बस. अंगी शहाणपण आल्यासारखं वाटत होतं.

मग यंदाचा मे आला. नागपूरकडचा मे, वेगळं काय सांगू? डबा गच्चीवरच्या माझ्या कामाच्या खोलीत होता. वर पत्रा. कूलर चालू असला की खोली बरी असते. मी चार दिवसांच्या असाइनमेंटला मुंबईला गेले आणि निघताना सवयीने कूलर बंद केला. डबा डोक्यात आलाच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका मुलाखतीत होते. आईचा फोन. कट केला. पुन्हा फोन. कट. तिसऱ्यांदा आला तेव्हा पोटात गोळा आला, बाबांना काही झालं की काय! बाहेर येऊन लावला.

‘‘अगं, कुरडया वाळत घालायला वर आली होती मी,’’ आई धापा टाकत होती. ‘‘तुझी खोली उघडून बघितली, तर भट्टी होऊन राहिली नुसती. तुझ्या बाया सगळ्या त्या ओल्या कापसाला चिकटून बसल्या. बऱ्याचशा गेल्या गं.’’

मी काहीच बोलले नाही.

‘‘मी डबा खाली आणला. माठाखाली ठेवला, गारव्याला. वरून ओलं फडकं टाकलं. चालते ना तसं?’’

‘‘चालते,’’ मी म्हटलं. ‘‘राणी?’’

‘‘मोठी ना? आहे. पोट्ट्या तिला घेरून बसल्या.’’

रात्री पुन्हा फोन आला. आता आवाज वेगळा होता. ‘‘ऐक ना, त्या मेलेल्यांना उचलून एका कोपऱ्यात नेऊन ठेवून राहिल्या. एकेक करून. मी केव्हाची बघून राहिली.’’

मेलेल्या मुंगीच्या अंगात काही दिवसांनी एक आम्ल तयार होतं आणि त्याच्या वासावरून बाकीच्या तिला बाहेर नेतात. ई. ओ. विल्सन या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये ते शोधून काढलं. जिवंत मुंगीला तो वास लावला, तर तिलाही उचलून नेलं, पाय झाडत असताना! हे सगळं मला पाठ होतं. आईला मी यातलं काहीही सांगितलं नाही. ती म्हणाली, ‘‘किती शिस्तीने करतात,’’ आणि मी म्हटलं, ‘‘हो.’’

घरी येऊन मोजल्या. छत्तीस गेल्या होत्या, पन्नासच्या वर उरल्या होत्या. पहिली राणी मी सारखं बघून बघून घालवली. ही दुसरी न बघता घालवणार होते. दोन्ही वेळा मला वाटत होतं की मी फार नीट काळजी घेतेय. बघत बसणं वेगळं आणि लक्ष असणं वेगळं, हे मला अठ्ठावीस वर्षांची होऊन मुंग्यांमुळे कळलं. आईला ते आधीपासून येत होतं. मी पुण्यात असताना ती कधी दिवसातून दहा फोन करायची नाही. पण आजारी पडले, की त्याच दिवशी नेमका तिचा फोन यायचा.

आता पावसाळा सरला. राणीने नुकसान भरून काढलं, वर पन्नासेक जणी जास्तच झाल्या. त्यात दोन मोठ्या डोक्याच्याही आहेत, चिरायला-फाडायला. डबा माठाखालून हललेला नाही. आईने हलवू दिला नाही. मुंग्यांचं माझ्यावर प्रेम वगैरे काही नाही. मी समोर आले तर त्या शेपूट हलवत नाहीत, उलट जबडा उघडून उभ्या राहतात. चालायचंच.

खडू अजून घरात आहे, आई काही पूर्ण बदललेली नाही. फक्त माठाच्या बाजूला आता रेघ नसते. आणि परवाची गोष्ट. ओट्यावर गुळाच्या डब्याजवळ एक मुंगळा फिरत होता. आईने सवयीने फडकं उचललं, उचललेलं तसंच ठेवलं आणि मला हाक मारली.

‘‘अगं, इकडे ये जरा. बघ बरं, ही आपली का बाहेरची?’’

तुम्हालाही पाळायच्या आहेत?

• विकत घेऊ नका. पहिल्या पावसानंतर दिव्याखाली, पंख गळलेली राणी आपल्याच परिसरात शोधा. एकच घ्या. दोन अनोळखी मुंगळ्यांच्या राण्या एकत्र ठेवल्या तर शेवट भांडणात होतो.

• राणीशिवाय नुसत्या मुंग्या आणू नका. त्या काही महिन्यांत संपतात, कारण नवीन अंडी घालणारं कोणी नसतं.

• पहिल्या मुली येईपर्यंत मुंगळ्याच्या राणीला खायला लागत नाही. काळोख आणि शांतता द्या. आठवड्यातून एकदा बघणं पुरे.

• नंतर साखरपाणी किंवा मधाचा थेंब, आणि मेलेला डास किंवा झुरळाचा तुकडा. स्प्रे मारलेला किडा चुकूनही नको. विषारी खडूही दूर ठेवा.

• डब्याच्या वरच्या कडेला आतून टाल्कम पावडर आणि स्पिरिटचा पातळ लेप लावा. पाय घसरतात, पळापळ टळते.

• उन्हाळ्यात गावाला जाताना डबा कोणाच्या तरी ताब्यात द्या. जमेनासं झालं, तर पावसाळ्यात जिथून आणली तिथेच सोडा.

• आणि हे लांबचं नातं आहे बरं का! जर्मनीत पाळलेली एक राणी २८ वर्षांहून जास्त जगली. लॅब्रेडॉरपेक्षा मोठी कमिटमेंट आहे, विचार करा.